पाळण्यातलं वजन

पंच्याऐंशी साली शिमगा सरला आणि तुळसाच्या घरात सवत आली. आली ती भर दुपारी, धूर ओकत, कुत्री मागे लावून. तुळसाचा नवरा महिपत मुंबईची नोकरी संपवून कायमचा गावी आला, आणि येताना चार लोकांसारखा एसटीने न येता एका जुन्या फटफटीवर बसून आला. फटफटीच्या डाव्या अंगाला लोखंडी दांड्यांनी एक खुर्चीवजा डबा जोडलेला होता आणि त्या डब्याला स्वतःचं एक चाक होतं. मुंबईची माणसं त्याला साइडकार म्हणतात. वाडीतल्या लोकांनी त्याचं गोल पोट बघितलं आणि दिवेलागणीच्या आत त्याला ‘पाळणा’ असं नाव पडलंसुद्धा. केस पिकल्यावर महिपतच्या घरात पाळणा आला म्हणून विहिरीवर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुळसाही हसली. हसली नसती तर त्या आणखी हसल्या असत्या.

महिपतचा उभा जन्म मुंबईत एका गॅरेजात गेला. गणपतीला आणि मे महिन्यात तो गावी यायचा, फणस खायचा, गडग्याचे ढासळलेले दगड चढवायचा आणि जायचा. एक मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन चिपळूणकडे गेली. हे सगळं त्या दोन सुट्ट्यांच्या मधल्या काळात तुळसाने एकटीने निभावलं. गॅरेजच्या म्हाताऱ्या मालकाने धंदा आवरला तेव्हा कोपऱ्यात गंजत पडलेली ती फटफटी त्याने महिपतला देऊन टाकली. महिपतने ती खोलली, घासली, जोडली आणि घेऊन आला.

आता खरं सांगायचं तर तुळसाला गाडीचा राग मुळीच नव्हता. तिला त्या पाळण्यात बसायचं होतं. नवऱ्याच्या शेजारी बसून, दिवसाढवळ्या, चार लोकांदेखत कुठेतरी जायचं होतं. इतक्या वर्षांत ते एकदाही झालं नव्हतं. तिचं मागणं एवढंच, पण ते तोंडाने बोलायचं कसं?

महिपतने विचारलं नव्हतं असंही नाही. गाडी आणली त्याच आठवड्यात देवळासमोर नारळ वाढवला, अख्खी वाडी जमली होती, तेव्हा तो म्हणाला, “बसतंस काय गो?” भरल्या वाडीत, सासऱ्याच्या वयाची माणसं पारावर बसलेली असताना, कुठली शहाणी बाई पहिल्या हाकेला टुणकन उडी मारून बसेल? “नको बाय,” तुळसा म्हणाली आणि तिने पदर सावरला. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नको नसतंच मुळी. पाहुणा भाकरी नको म्हणाला म्हणून कोणी टोपलं उचलून आत नेत नाही. दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा हात धरून वाढायचं, आणि त्यानंतरही नको म्हणाला तर मग पोट भरलं असं समजायचं. पण महिपत इतकी वर्षं खानावळीत जेवलेला. तिथला वाढपी एकदाच विचारतो. तुळसाने नको म्हटलं, आणि हा शहाणा “बरं” म्हणून शेजारी उभ्या असलेल्या गुरवाला पाळण्यात घालून निघून गेला. तुळसा दुसऱ्या विचारण्याची वाट बघत तिथेच उभी राहिली.

गुरवाला नेलं त्याला कारण होतं. त्या पाळण्याला एक खोड होती. तो रिकामा असला आणि फटफटी जोरात डावीकडे वळली की पाळण्याचं चाक जमीन सोडून वर उठायचं, आणि सगळी गाडी उजवीकडे कलंडायला बघायची. पाळण्यात वजन असेल, आणि त्या वजनाने वळणावर आपणहून डावीकडे अंग टाकलं, तर चाक गपगुमान जमिनीवर राहायचं. मुंबईच्या सपाट रस्त्यावर माणूस वेग कमी करतो आणि सुटतो. इथे तसं नव्हतं. वाडी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर. खाली आरे-वाऱ्याच्या वाळूपासून लाल मातीचा रस्ता वर चढतो, आणि चढ ऐन भरात असताना काजऱ्याच्या झाडाशी तो डावीकडे वळतो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खाली समुद्र. फटफटी म्हातारी; खालूनच जोर धरून आली तर चढायची, मध्ये जरा सैल सोडली की बसायची. तेव्हा ते वळण जोरातच घ्यावं लागे. खाली उतरताना तेच वळण उजवं होई, त्यामुळे उतरण्याची चिंता नव्हती.

पहिल्यांदा महिपतने पाळण्यात एक जांभ्याचा चिरा ठेवून बघितला. पण दगडाला कलायला सांगता येत नाही. मग त्याने माणसंच घ्यायला सुरुवात केली. आंब्याचे दिवस होते. जाताना पाळण्यात लोकांच्या आंब्याच्या पेट्या, येताना रत्नागिरीहून जो भेटेल तो. “वजन म्हनून चला,” असं तो म्हणायचा, आणि वळण आलं की ओरडायचा, “डोंगराकडं कला!” गुरव कलला. शाळेचे मास्तर कलायचं विसरले तेव्हा चाक हातभर उठलं आणि मास्तरांचा चष्मा कुठल्याकुठे गेला. तुळसाची धाकटी जाऊ सगुणा तर दोनदा बसून आली, आणि आली ती गप्प बसेना. “बाय, काय सांगू, पोटात असा गोळा येतो! तू बसली नाहीस अजून?”

“मला कामं आहेत,” तुळसा म्हणाली.

तुळसाला आडून बोलायची सवय होती. नवऱ्याला काही सुनवायचं असलं की ती गोठ्यातल्या तांबूला सांगायची. तांबू गाय ऐकून घेई, आणि पडवीत बसलेल्याला ते पोचे. सगळ्या वाडीतल्या बायका असंच करत. कोणी मांजराला सांगे, कोणी कोंबड्यांना. “तांबू गो,” तुळसा दाणकन पाण्याची बादली ठेवत म्हणायची, “आपल्या घरात सवत आली बग. तिला रोज तेल, रोज पुसनं. तिच्यात सगळा गाव बसून आला. तुला नि मला कोन इचारतो?”

याचा अर्थ ‘मला विचारा’ असा होता. वाडीतल्या कुठल्याही नवऱ्याला तो कळला असता. महिपतला मात्र वाटलं, बायकोला गाडी डोळ्यांसमोर नको झाली आहे.

त्यात एकदा भलतंच झालं. दुपारची वेळ, महिपत जेवून आडवा झालेला. तुळसा गोठा झाडून बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच पाळण्यात जाऊन बसली. गादी उन्हाने तापली होती. तिने डावीकडे अंग टाकून बघितलं, पुन्हा सरळ झाली, पुन्हा टाकून बघितलं. जमलं तिला. एवढ्यात पडवीत खोकल्याचा आवाज आला. तुळसा अशी काही उडी मारून बाहेर आली की पायातलं जोडवं अडकलं; आणि आपण इथे का उभ्या आहोत ते दाखवायला हातातली केरसुणी तिने पाळण्यावर दोन-चार वेळा सपासप आपटली. महिपत दारात उभा राहून बघत होता. मग तो आत गेला. तुळसाला वाटलं, सुटले.

पंधरवडाभराने हर्णेहून रघू आला. महिपतच्या बहिणीच्या ओळखीचा, मासळीचा व्यापारी, बोलायला मोकळा. येताना सोडे आणि सुका बोंबील घेऊन आला होता. संध्याकाळच्या लिलावात घेतलेल्या मासळीच्या पाट्या झटपट हलवायला त्याला अशीच गाडी हवी होती. तुळसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाहुणा आला म्हणून ती चुलीवर बांगडे तळत बसली, आणि पडवीतलं बोलणं भिंतीवरून आत येत होतं.

“गाडी झकास ठेवलीय दादा,” रघू म्हणत होता. “मंग इकता कशाला?”

तुळसाचा हात थांबला.

“काय सांगू रघूभाऊ,” महिपत म्हणाला. “घरात आवडत नाय. दिसभर गाईला सांगत बसते सवत आली म्हनून. त्या दिशी तर केरसुनीनं मारत व्हती गाडीला. मी बगितलं. आता मी काय, सगळं आयुक्श भाईर काढलं. हिनं एकटीनं घर वढलं. उरलेले दिवस तरी हिच्या मनासारखे जाऊ देत. गाडी म्हंजे काय, लोखंड हाय.”

तुळसाला आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला आणि तो टिकला. अरे माणसा! बाई म्हणून एवढं बोलायचं, रोज बोलायचं, दणादण बादल्या आपटून बोलायचं, आणि तुझ्या डोक्यात उतरलं ते हे? पण पाहुण्यासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? आणि गप्प बसावं तर संध्याकाळपर्यंत पाळणा हर्णेच्या वाटेला लागतो. तिने तवा चुलीवरून खाली घेतला, कारण राग कितीही आला तरी बांगडा जळू देण्यात शहाणपणा नाही. हात पदराला पुसले, मागल्या दाराने बाहेर पडली, आणि घराला वळसा घालून पुढच्या अंगणात, खळ्यात आली.

पुरुष पडवी उतरून गाडी बघायला आले तेव्हा तुळसा पाळण्यात बसलेली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर फणसाच्या बुंध्यावर.

“अगो उठ,” महिपत गडबडून म्हणाला. “ह्यास्नी गाडी बगायचीय.”

“बगू देत की. मी काय झाकून बसलंय?”

“पन तू मधी कशाला...”

“रिकामा पाळना उडतो म्हनून तुमीच गावभर सांगता न्हवं? मंग वजनासकट बगू देत.”

महिपत तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. रघूने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. हर्णेच्या लिलावात त्याचा जन्म गेला होता. कुठली पाटी विकायला मांडलीय आणि कुठली घरी न्यायला बाजूला काढलीय, हे त्याला लांबून कळायचं. तो मोठ्याने हसला.

“वयनी, बसा तुमी. दादा, ह्यो सौदा काय व्हनार नाय. गाडी रिकामी असती तर घेतली असती. भरलेली घिऊन ठेवू कुठं? आमच्या घरात एक हाय अगोदरच, नि ती गाडीला नाय, मलाच केरसुनीनं मारील.” मग नाक वर करून म्हणाला, “बांगडा तेवढा थंड व्हायच्या आत वाढा म्हंजे झालं.”

जेवण झालं. रघूने बांगडे मागून घेतले, सोलकढी दोन वाट्या प्यायली, आणि गाडी न मिळाल्याचं दुःख त्याच्या तोंडावर कुठे दिसलं नाही. त्याला एसटीसाठी खाली समुद्राकाठच्या फाट्यावर सोडायचं होतं. तो फटफटीवर महिपतच्या मागे बसला. तुळसाने पातळ बदललं, केसांत अबोलीचा वळेसर घातला आणि कोणी काही विचारायच्या आत पाळण्यात जाऊन बसली. गडग्यापलीकडे सगुणा उभी होती.

“बाय, कुठं गो?”

“पावन्यांना सोडून येतंय,” तुळसा म्हणाली, आणि इतक्या सहज म्हणाली, की जशी काही रोजच जाते.

उतारावर काही झालं नाही. पाळणा खडखडत होता, दातावर दात आपटत होते, आणि तुळसाला वाटत होतं की हा फाटा जरा आणखी लांब असायला हवा होता. एसटी आली, रघू चढला, खिडकीतून हात हलवून ओरडला, “वजन सांभाळा दादा!” आणि धुरळा उडवत एसटी गेली. मग दोघंच उरली. समुद्राला भरती लागत होती. महिपत उगीच हँडल पुसत उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झालेली, पण असं दोघंच कुठे उघड्यावर उभं राहायची सवय दोघांनाही नव्हती.

“बसतंस न्हवं?” तो म्हणाला.

“बसलंयच की. उठले कुठं?”

महिपतने किक मारली. फटफटी चढाला लागली. तुळसाने दोन्ही हातांनी कड धरली, आणि काजऱ्याचं झाड दिसायला लागलं तशी ती डोंगराकडे कलायला तयार होऊन बसली. पण झाड जवळ आलं, आणि महिपतने हात सैल सोडला. फटफटी दमली, गुडगुडली, आणि ऐन वळणात बंद पडली. पाळण्याचं चाक जमिनीवर होतं तिथेच होतं.

महिपत ब्रेक दाबून धरून बसला. खाली लाटांचा आवाज येत होता.

“का थांबवलीत?” तुळसाने विचारलं.

“थांबवली नाय. थांबली. जोर कमी पडला.”

“पडला, का तुमी केलात?”

महिपतने ब्रेक आणखी घट्ट दाबला.

“त्या गुरवाला वाऱ्यासारखं नेलंत. मास्तरांचा चस्मा घालवलात. सगुणा तर दोनदा येऊन माझ्या नाकासमोर नाचली. नि माझी येळ आली तर बैलगाडी?” आता समोर तांबू नव्हती, त्यामुळे सगळं थेट नवऱ्यालाच ऐकावं लागत होतं. “मी नको म्हनले ते एकदा. एकदाच! परत इचारलंत? मानूस भाकरीसुदीक दोनदा इचारतो!”

“मला वाटलं, तुला आवडत नाय.”

“आवडत नाय तर दुपारची चोरून बसले असते?”

“चोरून?” महिपत वळून बघायला लागला. “मंग ती केरसुनी?”

“ते जाऊ दे,” तुळसा घाईने म्हणाली. “आता हात का सोडलात ते सांगा.”

महिपतने खाली समुद्राकडे बघितलं. “भीती वाटली,” तो म्हणाला. “बाकीची मान्सं बसली तवा माझा हात कदी कापला नाय. आज कापला. वळन दिसलं नि मनात आलं, हिला कायतरी झालं तर मी त्या घरात जाऊन करू काय?”

हे ऐकून तुळसाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. डोळ्यात पाणी आलं आणि ते तिने पुसलंसुद्धा नाही. असं काही त्याने आजवर कधी म्हटलं नव्हतं, म्हणायला तो घरी होता कुठे? पण बरं वाटलं म्हणून मागणं सोडून देणाऱ्यांतली ती नव्हे.

“कापू देत,” ती म्हणाली. “कापत्या हातानं चालवा. मी ह्या सड्यावर एकटीनं वादळं काढलीत, गोठ्यावर माड पडला तवा गाईला एकटीनं भाईर काढलंय. मला काय व्हत नाय. खाली घ्या गाडी. नि ह्या बारीला जोर धरा.”

महिपतने ब्रेक सैल सोडला. पायाने जमीन चाचपत, मागे बघत बघत त्याने गाडी हळूहळू उताराच्या तळापर्यंत नेली. तुळसा पाळण्यात बसून मागे मागे जात होती आणि तिला हसू येत होतं. खाली पोचल्यावर त्याने किक मारली, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि मग बघितलं नाही.

या खेपेला फटफटी गरजत सुटली. वारा तुळसाच्या कानात शिरला, वळेसर सुटून मागे उडाला. काजऱ्याचं झाड आलं. आता कलायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुपारच्या उन्हात ते तिने घोटून ठेवलं होतं. पण कलायच्या ऐवजी ती सरळ बसली, थोडा वेळ, मुद्दाम.

पाळण्याचं चाक उठलं. आधी खडखड थांबली. रस्त्यातले सगळे खडे, सगळे खड्डे एकदम कुठेतरी खाली गेले. पाळण्यात बसलं की महिपत नेहमी उंचावर आणि बसणारा त्याच्या गुडघ्याशी. आता ती वर वर जायला लागली, आणि महिपतचं डोकं तिच्या बरोबरीला आलं, मग तिच्याही खाली. मधोमध केस विरळ झालेले तिला दिसले. पलीकडे समुद्र एवढा मोठा झाला होता की त्याला कड नव्हती. पोटात गोळा आला, तो सगुणाने सांगितला होता त्याच्या दुप्पट.

“महिपत!” तुळसा ओरडली.

लग्नात हे नाव तिने घेतलं होतं ते लांबलचक उखाण्यात गुंडाळून, मान खाली घालून, बायकांनी कोपरं मारल्यावर. त्यानंतर मंगळागौरीला, हळदीकुंकवाला, तसंच गुंडाळून. असं उघडं, मोकळं, त्याच्या कानाशी, कधीच नाही. ते तिच्या तोंडून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही, पण निघालं ते सगळ्या सड्याला ऐकू जाईल एवढं मोठ्याने.

“कल गो! डोंगराकडं कल!” महिपत ओरडला. तुळसाने अंग डावीकडे टाकलं, पाळण्याचं चाक धप्पकन जमिनीला लागलं, खडखड पुन्हा सुरू झाली, आणि फटफटी चढ संपवून सड्यावर आली.

सड्यावर सपाटीला महिपतने गाडी थांबवली. बंद केली नाही, नुसती थांबवली. त्याचे कान लाल झाले होते.

“मगाशी काय वरडलीस?”

“कुठं काय? कायतरी वरडले असेन. भीती वाटली.”

“मला ऐकू आलं.”

“आलं तर मंग इचारता कशाला?” तुळसाने पदर डोक्यावर घेतला, पण हसू काही पदरात मावेना.

महिपतने हँडल फिरवलं. समोर वाडीतल्या घरांची कौलं दिसत होती. गाडीने त्यांच्याकडे पाठ केली.

“आता कुठं?”

“खाली.”

“खाली काय हाय?”

महिपतने गाडी उताराला लावली. वळण उजवं झालं, पाळणा शहाण्यासारखा उतरला. समुद्राकाठी त्याने गाडी फिरवली, खालूनच जोर धरला, आणि काजऱ्याचं झाड जवळ यायला लागलं तशी त्याने मान जराशी डावीकडे कलती केली, कान तिच्या बाजूला येईल अशी. तुळसाने ते बघितलं. तिने पदर कमरेला खोचला, दोन्ही हातांनी कड पकडली आणि छाती भरून श्वास घेतला.